मेलेल्यांची बातमी होते, रिकाम्या जागेची होत नाही

किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की बातमी होते. डॉल्फिन किंवा देवमासा वाहून आला तर पहिल्या पानावरही जाते. फोटो असतो, लांबी आणि वजन असतं, पंचनामा असतो, 'शवविच्छेदनानंतर मृत्यूचं कारण स्पष्ट होईल' हे वाक्य असतं. जेसीबीने खड्डा खणून पुरलं की विषय संपला. गेली वीसेक वर्षं मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातून बातम्या पाठवते. हा साचा मला आता झोपेतही लिहिता येईल.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आमच्याकडून सहा प्रश्न घोकून घेतले होते. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. अपघात, निवडणूक, ग्रामसभा, सगळीकडे हे सहा पुरतात. समुद्रात एखादा जीव अचानक हजारोंनी मेला की मात्र ते कमी पडतात. तिथे सातवा प्रश्न लागतो. जो मेला तो तिथे काय काम करत होता, आणि आता ते काम कोण करणार? आजची पोस्ट या सातव्या प्रश्नावर आहे. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी जमिनीवरचं उदाहरण देते, कारण ते आपण सगळ्यांनी बघितलंय. गिधाडं. नव्वदच्या दशकात ती पटापट मरायला लागली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यामागे आहे, हे 2004 मध्ये सिद्ध झालं आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर हजारातलं एखादं उरलं होतं. तेव्हा कुणाला वाटलं होतं की याचा हिशेब माणसांच्या मृत्यूत करावा लागेल? ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी तो केला. 2000 ते 2005 या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. गावाबाहेर टाकलेली ढोरं कुजत राहिली, पाणी नासलं, कुत्रे वाढले. गिधाड फुकटात जे काम करत होतं ते दुसरं कुणी तितक्या झपाट्याने करणारं नव्हतं.

समुद्रात हेच होतं, फक्त पाण्याखाली होतं म्हणून दिसत नाही. आणि दिसेपर्यंत इतकी वर्षं जातात की पहिली बातमी कुणाच्या लक्षात नसते.

मी जी गोष्ट सांगणार आहे ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे. लांबची आहे, पण इतकी नीट मोजलेली गोष्ट सहसा मिळत नाही, म्हणून ती घेते. आपल्या किनाऱ्याकडे शेवटी येतेच.

2013 च्या जूनमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर तारामासे आजारी दिसायला लागले. अंगावर पांढरे चट्टे, मग हात वाकडे होऊन गळायचे, आणि काही दिवसांत त्या जागी नुसता पांढरट चिकट लगदा. बघता बघता हा रोग मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत पोचला. वीसहून जास्त जातींचे तारामासे त्यात सापडले. सगळ्यात मोठा फटका बसला तो 'सूर्यफूल तारामाशा'ला.

तारामासा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शिंपल्यांच्या दुकानात मिळणारा पाच टोकांचा वाळका तारा येतो. हा तसला नाही. याला चोवीसपर्यंत हात असतात, पसारा एक मीटरपर्यंत जातो, आणि अंगाखालच्या हजारो बारीक पायांवर तो मिनिटाला जवळजवळ एक मीटर पळतो. तारामाशांच्या हिशेबात ही धाव झाली. त्याची गाठ पडू नये म्हणून इतर प्राणी वाट बदलतात. असे सुमारे 575 कोटी तारामासे काही वर्षांत संपले. म्हणजे होते त्यातले नव्वद टक्के. 2020 मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं.

आता सातवा प्रश्न. हा काय काम करत होता?

तो सी अर्चिन खात होता. अर्चिन म्हणजे खडकाला चिकटलेला काटेरी चेंडू, साळिंदराचं लहान गोल पिल्लू म्हणा. अर्चिन केल्प खातो. केल्प म्हणजे समुद्रातलं अवाढव्य शैवाल. तिथला 'बुल केल्प' एका हंगामात तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढतो, तीस मीटरच्या आसपासही जातो. पाण्याखाली खरोखरचं जंगल उभं राहतं. त्यात मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, खडकावरचे शंख-शिंपले त्याची गळलेली पानं खाऊन जगतात.

तारामासा असताना अर्चिन कपारीत दबून असायचे. बाहेर फिरण्यात जिवाचा धोका होता, आणि जंगल दाट असल्यामुळे तुटलेली पानं वाहत वाहत कपारीच्या तोंडाशी यायची. बसल्या जागी जेवण. 2013 नंतर शिकारी गेला. लगोलग 2014 ते 2016 दरम्यान त्या समुद्रात उष्णतेची मोठी लाट आली. गरम पाण्यात केल्पला लागणारी पोषकद्रव्यं कमी होतात, त्यामुळे केल्प नीट वाढलाच नाही. कपारीशी येणारं जेवण बंद झालं आणि बाहेरची भीतीही संपली. अर्चिन बाहेर पडले आणि उभं जंगल बुंध्यापासून कुरतडायला लागले.

उत्तर कॅलिफोर्नियात जांभळ्या अर्चिनांची संख्या साठ पटींनी वाढल्याची नोंद आहे. 350 किलोमीटरहून जास्त लांबीच्या किनाऱ्यावर नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त केल्प गेला. अंतर डोळ्यापुढे येत नसेल तर मुंबईहून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा घ्या, साधारण तेवढं.

पुढचा माणूस कोण? अबलोनी नावाचा मोठा शिंपला गोळा करणारे लोक. अबलोनीही केल्पवर जगतो. तो उपाशी मरायला लागला. हौशी पाणबुडे त्यासाठी लांबून यायचे, लॉज, खाणावळी, बोटी त्यावर चालायच्या. वर्षाला सुमारे 4.4 कोटी डॉलरची ही उलाढाल होती. 2018 मध्ये अबलोनी काढायला बंदी आली. लाल अर्चिन काढून विकणाऱ्या पाणबुड्यांचा धंदाही बसला. अर्चिन तर ढिगाने होते, मग धंदा का बसला? कारण अर्चिनच्या आतला खाण्याजोगा भाग भरतो तो केल्प खाल्ल्यावर. उपाशी अर्चिन फोडला तर आत काही नसतं.

मला या सगळ्यात सर्वात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही रिकाम्या अर्चिनांची वाटते. आपली समजूत अशी की खाणारे वाढले, चारा संपला, मग खाणारे मरतील आणि चारा परत येईल. निसर्ग आपोआप सावरतो, असं आपण सरसकट म्हणतो. अर्चिन मरत नाही. तो शरीराचा खर्च कमी करून वर्षानुवर्षं उपाशी बसून राहू शकतो. केल्पचा नवा कोंब आला की तो खातो आणि परत बसतो. त्यामुळे समुद्राचा तळ जांभळ्या काट्यांच्या सतरंजीसारखा तसाच राहतो. जंगल पडायला दोन-तीन वर्षं पुरली. उभं करायला लोक आता हातोड्या घेऊन पाण्याखाली अर्चिन फोडतायत, पाणबुड्यांना पैसे देऊन ते गोळा करून घेतायत, आणि प्रयोगशाळेत सूर्यफूल तारामाशाची पिल्लं वाढवतायत.

इथे थांबले असते तर ही एका रोगाची गोष्ट झाली असती. पण रोग तर सगळ्या किनाऱ्यावर गेला होता. जंगल मात्र सगळीकडे सारखं पडलं नाही. असं का?

मॉन्टेरी उपसागरात, म्हणजे मध्य कॅलिफोर्नियात, पाणमांजरं आहेत. आपल्या खाडीत दिसतात त्यांची समुद्रात राहणारी चुलत भावंडं. त्यांचं आवडतं खाणं म्हणजे अर्चिन. तारामासा गेल्यावर तिथेही अर्चिन बाहेर पडले, काही भाग उजाड झाले. पण पाणमांजरं काही रिकामे अर्चिन खात बसली नाहीत. ज्या तुकड्यांत केल्प शिल्लक होता तिथले भरलेले अर्चिन त्यांनी खाल्ले. त्यामुळे ते तुकडे टिकले. गेलेलं जंगल त्यांनी परत आणलं नाही, पण उरलेलं राखलं. आणि उरलेलं असलं तरच पुढे बी पडतं.

त्याहून दक्षिणेला चॅनेल बेटांभोवती मासेमारीला बंदी असलेली काही राखीव क्षेत्रं आहेत. तिथे अर्चिन खाणारे मोठे मासे आणि शेवंडी शिल्लक होत्या. मोठे म्हणजे खरंच मोठे, कारण लहान माशाला मोठा काटेरी अर्चिन फोडता येत नाही. अशा ठिकाणी तारामाशाची जागा रिकामी राहिली नाही, दुसऱ्यांनी ती काही अंशी भरून काढली.

आणि उत्तरेकडे? तिथली पाणमांजरं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कातडीसाठी मारून संपवली होती. मध्य कॅलिफोर्नियात एका कोपऱ्यात पन्नासच्या आसपास उरली होती, आजची तिथली सगळी त्यांचीच वंशावळ. उत्तरेत ती परत पोचलीच नाहीत. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं उत्तरेचं जंगल मुख्यतः एका खांबावर, या तारामाशावर, उभं होतं. बाहेरून बघणाऱ्याला जंगल हिरवंगार दिसत होतं. एक खांब पूर्वीच काढून नेलाय हे कुणाला जाणवलं नाही, कारण दुसरा उभा होता. 2013 मध्ये तो पडला.

माझ्या मते ही खरी बातमी. रोगाने शेवटचा धक्का दिला. कोसळणं ठरलं होतं ते त्याच्या कितीतरी आधी, फर विकणाऱ्यांच्या काळात.

खांबाची ही कल्पना माझी नाही. रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने 1963 मध्ये वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर एक साधा प्रयोग केला. खडकाच्या एका पट्ट्यावरचे तारामासे उपटून लांब समुद्रात फेकायचे, परत परत, आणि काय होतं ते बघायचं. तारामासे गेल्यावर खडकाला चिकटणारे काळे शिंपले माजले. आपल्याकडचे शिनाणे त्याच कुळातले. त्यांनी बाकीच्यांना जागाच ठेवली नाही. पंधरा जाती होत्या त्या आठवर आल्या. कमानीत मधोमध बसवलेला दगड काढला की कमान ढासळते, म्हणून पेनने अशा प्राण्यांना पुढे 'कीस्टोन' हे नाव दिलं. 2013 च्या रोगाने पेनचा प्रयोग हजारो किलोमीटरवर करून दाखवला, फक्त थांबवायची सोय नव्हती.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग अर्चिन हा खलनायक. नाही हो. आता दुसरा किनारा बघा, बरोबर उलटा.

जानेवारी 1983. पनामाच्या कॅरेबियन किनाऱ्यावर लांब काळ्या काट्यांचे अर्चिन मरायला लागले. वर्षभरात ही साथ सगळ्या कॅरेबियन समुद्रात पसरली आणि बहुतेक ठिकाणी शंभरातले त्र्याण्णवहून जास्त अर्चिन गेले. इथे जंगल केल्पचं नव्हतं, प्रवाळाचं होतं. प्रवाळावर शैवाल सतत चढायला बघतं आणि अर्चिन ते चरून साफ ठेवत होते. झाडू मारणारा गेला. जमैकात सतराएक वर्षं मोजमाप करणाऱ्या टेरी ह्यूज यांचे आकडे असे: 1977 मध्ये तळाचा 52 टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, 1993 मध्ये 3 टक्के. शैवाल 4 टक्के होतं ते 92 टक्के झालं. मधे 1980 चं चक्रीवादळ येऊन गेलं होतं, पण वादळानंतर प्रवाळ सावरायला लागला होता. अर्चिन गेल्यावर सावरणं थांबलं.

म्हणजे एका किनाऱ्यावर अर्चिन वाढले म्हणून घात झाला, दुसऱ्या किनाऱ्यावर अर्चिन मेले म्हणून. प्राणी चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याच्याभोवती कोण शिल्लक आहे, यावर सगळं ठरतं.

जमैकात कोण शिल्लक होतं? शैवाल चरण्याचं काम एरवी पोपटमाशासारखे मासेही करतात. पण जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच इतकी मासेमारी झाली होती की खडकांवरची माशांची बरीचशी संपत्ती संपली होती. चरणारे मासे गेले आणि अर्चिन खाणारे मासेही गेले. म्हणूनच अर्चिन इतके माजले होते. सगळा भार त्या एका काटेरी प्राण्यावर आला होता, आणि पाणी स्वच्छ, प्रवाळ रंगीत दिसत होता, त्यामुळे पंधरा-वीस वर्षं सगळं ठीक आहे असं वाटत राहिलं. याउलट बोनेअर नावाच्या छोट्या बेटाने 1971 मध्येच भाल्याने मासे मारायला बंदी घातली होती. तिथे पोपटमासे टिकले. अर्चिन तिथलेही मेले, पण त्या बेटाचा प्रवाळ कॅरेबियनमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या अवस्थेतल्या प्रवाळांत मोजला जातो.

'कारण स्पष्ट होईल' या वाक्याबद्दलही बोलायला हवं. तारामाशांचा रोग नेमका कशाने, हे कळायला बारा वर्षं लागली. 2014 मध्ये एका विषाणूवर बोट ठेवलं गेलं, पुढे ते टिकलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कॅनडा आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी 'व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा' हा जिवाणू शोधून काढला. पटकीचा जिवाणू याच व्हिब्रिओ घराण्यातला. मोठं काम आहे ते, त्याशिवाय प्रयोगशाळेतली पिल्लं समुद्रात कशी सोडणार? पण या बारा वर्षांत जंगल केव्हाच गेलं होतं. 1983 च्या कॅरेबियन साथीचं कारण तर आजवर सापडलेलं नाही. कारण सापडेपर्यंत हात बांधून बसायचं ठरवलं तर समुद्र काही आपल्यासाठी थांबत नाही. रोग कुठला येणार, लाट कधी येणार, हे आपल्या हातात नाही. खांब किती ठेवायचे हे बऱ्याच अंशी आहे.

आकड्यांचंही एक सांगते, कारण मी त्याच धंद्यातली. 2015-16 मध्ये त्याच उष्णतेच्या लाटेत अलास्का ते कॅलिफोर्निया किनाऱ्यावर एका समुद्री पक्ष्याची सुमारे 62 हजार कलेवरं मोजली गेली. पक्ष्याचं इंग्रजी नाव 'मर'. मराठीत वाचताना दचकायला होतं, पण नाव तेच आहे. 62 हजार ही भलीमोठी बातमी झाली. मग वसाहतींमधले जिवंत पक्षी वर्षानुवर्षं मोजत बसलेल्या लोकांनी 2024 च्या डिसेंबरमध्ये हिशेब मांडला. एकट्या अलास्कात 40 लाख पक्षी मेले होते, होते त्यातले निम्मे. आणि सात वर्षांनंतरही संख्या वर आलेली नव्हती. बाकीचे समुद्रातच गेले, किनाऱ्याला लागले ते नमुन्यापुरते.

हे पक्षी उपाशी मेले होते. गरम पाण्यात बारीक मासे कमी आणि हाडकुळे झाले. त्याच वेळी मोठ्या माशांची भूक वाढली, कारण पाणी तापलं की माशाच्या शरीराला जास्त खाणं लागतं. एका ताटावर दोघे बसले. पक्षी मेले ती 2016 ची बातमी. कॉड मासा ढासळल्यामुळे 2018 साठी अलास्काच्या आखातातला त्याचा कोटा 80 टक्क्यांनी कापला आणि 2020 मध्ये तिथली केंद्राच्या अखत्यारीतली कॉडची मासेमारी बंदच ठेवावी लागली, ती वेगळी बातमी. दोन बातम्यांत चार वर्षं. पक्ष्यांच्या पानावर एक, अर्थकारणाच्या पानावर दुसरी. दोन्ही एकाच ताटाच्या होत्या.

आता आपल्याकडे.

लांबच्या समुद्राचं इतकं का लिहिलं? कारण अर्चिनांची साथ आता आपल्या महासागरात आलीय. 2022 मध्ये कॅरेबियनमध्ये ती पुन्हा उठली, या वेळी एका सूक्ष्म जिवामुळे. मग तांबड्या समुद्रात त्याच घराण्यातले अर्चिन मेले, आणि 2023 मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटापर्यंत ती पोचली. अरबी समुद्र तापतोय, उष्णतेच्या लाटा वाढतायत, हे पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं सांगतायत. आपल्या मालवणला प्रवाळ आहे, 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. उद्या इथे काही मेलं तर ते काय काम करत होतं आणि त्याच्या जोडीला कोण होतं, हे सांगणारी वही कुणाकडे आहे?

मागे एकदा मेलेल्या कासवांची माहिती घ्यायला गेले होते. रापण ओढण्यात आयुष्य गेलेले एक आबा होडीला टेकून बसले होते. मी आकडा लिहून घेतला, तसे म्हणाले, "चेडवा, मेलेले मोजतंस ता बरा. पण जिते किती होते, ता कोणाक म्हायत?" मी त्यांना म्हटलं, आबा, खात्याकडे असेल. ते हसले. त्या हसण्याचं भाषांतर करायची गरज नाही.

आमच्या भागात गेली काही वर्षं भांडण आहे ते कुणी किती न्यायचं यावर. पर्ससीन की पारंपरिक, एलईडी दिवे लावून मारायचं की नाही, बाहेरच्या ट्रॉलरांनी किती आत यायचं. मोर्चे होतात, बोटी पकडल्या जातात, मी त्या सगळ्याच्या बातम्या देते. पोटाचं भांडण आहे, ते खोटं नाही. पण वाटणीच्या भांडणात, समुद्रात मागे काय ठेवायचं हा मुद्दा कुणाच्याच निवेदनात नसतो. लिलावाला गेलं की वीतभर मुशी टोपलीत दिसतात. ती पिल्लं आहेत. मासेवाल्या मावशी सांगतात, पूर्वी मुशी कापायला दोघी लागायच्या. मोठी मुशी, मोठा घोळ, मोठा रावस, हे आपले खांब आहेत. मोठा शिकारी मासा खातो ते लहान मासा खाऊ शकत नाही, चॅनेल बेटांनी हेच दाखवलं. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लं गेली की उद्याचे मोठे मासे जातात. आणि तारली, बांगडा यांच्या ताटावर तर मोठे मासे, डॉल्फिन, पक्षी, आपण आणि आता फिशमीलचे कारखाने असे सगळेच बसलेत.

यात लगेच काही कोसळेल असं मी म्हणत नाही. जमैकात पंधरा-वीस वर्षं काही झालं नव्हतं. सगळं ठीक दिसत होतं. मुद्दा तोच आहे.

मग करायचं काय? मोठमोठ्या योजना मला सुचत नाहीत, तालुक्याच्या पातळीवरच्या तीन गोष्टी सुचतात.

एक. प्रत्येक बंदरावर, सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत, एक वही. महिन्यातून चार दिवस लिलावाच्या वेळी दहा ठरलेल्या माशांची लांबी मोजून लिहायची. शाळेची मुलंही करतील. दहा वर्षांनी ती वही कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलेल.

दोन. किनाऱ्याला जे मेलेलं लागतं त्याची नोंद जात, तारीख, जागा आणि संख्या अशी एकाच ठिकाणी, लोकांना बघता येईल अशी ठेवायची. कासव वेगळ्या फायलीत, पक्षी वेगळ्या, मासे कुठेच नाहीत, हे बंद व्हावं. एका ताटाच्या बातम्या एका वहीत आल्या तरच ताट दिसतं.

तीन. पिल्लं न मारण्याचे नियम आहेत, ते पावसाळी बंदीसारखे पाळले जावेत. जून-जुलैची बंदी आपण पाळतोच ना, कुरकुर करत का होईना. तशीच काही खडकांभोवतीची जागा गावाने मिळून सोडावी. सरकारी अभयारण्य म्हटलं की गावात धास्ती बसते, मी मालवणच्या बाबतीत ती जवळून पाहिलीय. पण गावाने ठरवून ठेवलेली देवराई आपल्याला नवीन नाही. डोंगरात जमतं ते पाण्यात का जमू नये?

पत्रकार मित्रांसाठी एक विनंती. पुढच्या वेळी किनाऱ्यावर काही मेलं की कॉपीत एक ओळ वाढवा: हा प्राणी काय खात होता, आणि त्याला कोण खात होतं. डेस्क कापेल कदाचित. तरी पाठवा. आणि तारखेची आठवण लावून सहा महिन्यांनी त्याच किनाऱ्यावर परत जा.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या सगळ्यांसाठी. तुमच्या गावात वीस वर्षांपूर्वी हमखास मिळणारा आणि आता न दिसणारा मासा, शिंपला, पक्षी, काहीही, कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव, साधारण वर्ष, आणि तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून लिहा. मी सगळं एका ठिकाणी उतरवून काढते आहे. वहीची सुरुवात तिथूनच करू.